मोजणीपूर्वीची नोटीस

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी बावीस हंगाम काम केलं आहे. उसाची भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग नोंदवायचा. रिकामी होऊन परत आली की पुन्हा तेच. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे निव्वळ ऊस. ओळखीपाळखीच्या, नात्यातल्या, गावच्या पुढाऱ्यांच्या गाड्या माझ्या काट्यावरून गेल्या, पण एकाही गाडीचं वजन मी दहा किलोनेही हलवलं नाही. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढचं जे सांगायचं आहे, ते याशिवाय नीट कळणार नाही. त्या हिवाळ्यात मी घरी, माझ्या वडिलांना, चार वेळा खोटा आकडा सांगितला.

वडिलांना घरात सगळेच तात्या म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. भूमी अभिलेख खात्यात ते भूकरमापक होते. नेवासा, शेवगाव, राहुरी या तालुक्यांतले किती बांध त्यांनी पायाखाली घातले असतील त्याचा हिशोब नाही. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते स्वतःला मोजू लागले. एक लांबट वही होती. तिच्यात रोजचा रक्तदाब, आठवड्याची साखर, आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाल्यापासून दर पंधरवड्याला क्रिएटिनिन. हा रक्तातला एक घटक. मूत्रपिंड ठीक चालत असेल तर तो एकच्या आसपास राहतो. चढत गेला की मूत्रपिंड थकत चाललं असं समजायचं.

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर यायचा. तात्या पेन उघडून बसायचे. "हां, सांग."

आधी आकडा दोनाच्या आसपास असायचा. त्या हिवाळ्यात तो एकदम चार पूर्णांक दोन आला. मी नगरला डॉक्टरांकडे एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं परत सुधारणार नाहीत. पुढे डायलिसिस लागेल. त्यासाठी आधीच हातातली एक शीर आणि एक धमनी जोडून ठेवावी लागते, ती तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, तेव्हा फार थांबू नका. मग त्यांनी विचारलं, "त्यांना कल्पना दिलीय ना?"

"हळूहळू देतो," मी म्हणालो.

तिथून बाहेर पडून पुण्याच्या धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, अजिबात सांगायचं नाही. आई गेल्यावर ते कसे झाले होते आठवतंय ना? जेवण सोडतील." माझ्या बायकोचंही तेच मत पडलं. मलाही ते सोपं वाटलं. आमच्याकडे हे सगळीकडे असंच चालतं. आजार एकाचा असतो, डॉक्टर दाराबाहेर बोलावतात दुसऱ्याला, आणि निर्णय होतो तिसऱ्याच्या फोनवर. आजारी माणसाला तेवढं सांगायचं, काही नाही, जरा अशक्तपणा आहे.

घरी तात्यांनी वही उघडली. मी म्हणालो, "दोन पूर्णांक दोन."

पंधरा दिवसांनी खरा आकडा पाच पूर्णांक एक होता. मी सांगितलं, दोन पूर्णांक एक. त्याच्या पुढच्या वेळी खरा पाच पूर्णांक नऊ, सांगितला दोन पूर्णांक तीन. खोटा आकडा एकाच जागी ठेवला तर तात्यांना संशय येईल, म्हणून मी तो थोडा खालीवर हलवत होतो. इतक्या बारकाईने मी कारखान्यातही काम केलं नसेल.

याच दिवसांत आमच्या घरात एका देशाची राज्यघटना तयार होत होती.

मुलगी नगरला कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या वर्गाला एक काम दिलं होतं. एक काल्पनिक नवा देश धरायचा आणि त्याच्या घटनेसाठी मूलभूत हक्कांचं प्रकरण लिहायचं. कलमं बाराच्या वर नकोत. प्रत्येक कलमावर घरातल्या किंवा ओळखीच्या तीन पिढ्यांशी चर्चा करायची, आणि कोण काय बोललं त्याची नोंद जोडायची. ती दर रविवारी घरी यायची. दुपारच्या जेवणानंतर आमची चौघांची सभा बसायची. तात्या अध्यक्ष, मुलगी चिटणीस, मी आणि बायको सदस्य.

पहिल्याच सभेत तात्या अडून बसले. "देश कुठाय?"

"तात्या, काल्पनिक आहे."

"आसंना का काल्पनिक. हद्द न्हाई तर हक्क कुणाला देणार? हद्दीच्या आतल्याला का भायेरच्याला?"

मग त्यांनी जाड कागद आणायला लावला आणि त्या देशाचा नकाशा काढायला घेतला. एक नदी, तिला तीन ओढे, एकशे चाळीस गावं, एक कोरडा पूर्व भाग. गावांना नावं नाहीत, क्रमांक. पेन्सिलीला टोक काढून ते वाकून रेघा ओढत. बायको म्हणायची, "तात्या, देशात एखादा दवाखाना तरी काढा, सगळी शेतंच केलीत." ते म्हणत, "दवाखाना काढला की डाक्टर आला. डाक्टर आला की पथ्य आलं. ऱ्हाऊ दे."

आम्ही सगळे हसलो. मी थोडा उशिरा हसलो.

पहिल्या तीन सभांत सहा कलमं झाली. समानता, बोलण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं, फिरण्याचं, अटकेबाबतचं, शिक्षणाचं. तात्यांना कायद्याची भाषा येत नव्हती, पण मोजणीची येत होती, आणि बहुतेक ठिकाणी तिने भागत होतं. बोलण्याच्या स्वातंत्र्याला "सार्वजनिक हिताच्या मर्यादेत" असे शब्द मुलीने जोडले तेव्हा ते म्हणाले, "ह्यो बांध झाला. बांध पाहिजे, न्हाई तर शेजारी ऱ्हाता यायचं न्हाई. पन बांध कुनी आखायचा? सरकारनं? मंग सरकार तर शेजारी हाय. शेजाऱ्यानंच बांध आखला तर काय हुतं मला इचार."

आमच्या भागात बांध कोरणं हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. नांगरताना दरवर्षी शेजारच्या बांधातली चार बोटं माती आपल्यात ओढायची. चार बोटांसाठी कोण भांडणार? दहा वर्षांनी बांध सरकलेला असतो आणि कधी सरकला ते कुणालाच सांगता येत नाही. तात्यांनी मुलीला लिहायला लावलं की मर्यादा कोणत्या कारणासाठी, किती काळासाठी आणि कुणाच्या सहीने, हे तीनही लेखी असल्याशिवाय कोणत्याही हक्काला मर्यादा घालता येणार नाही. मुलगी खूश झाली. म्हणाली, आमच्या वर्गात हे कुणालाच सुचलं नाही.

चौथ्या रविवारी कलम सात आलं. मुलीने वाचलं: "प्रत्येक व्यक्तीला स्वतःविषयी इतरांनी नोंदलेली माहिती मिळण्याचा हक्क राहील."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ताटातले शेंगदाणे सोलायला घेतले. मुलीला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. ती आठवडाभर नगरला असायची, तिला आम्ही सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "यात एक अपवाद हवा. 'ती माहिती देणे त्या व्यक्तीच्याच हिताविरुद्ध असल्यास ती रोखता येईल.' असं घाल."

"का?" मुलीने विचारलं.

"काही माहिती माणसाला सोसत नाही."

"कुणाला सोसत न्हाई?" तात्या म्हणाले. नकाशावरून त्यांनी मान वर केली नव्हती.

"कुणालाही. उदाहरणार्थ म्हणतोय."

"मंग आपलंच कलम लाव. हित कुनी ठरवायचं? किती दिवस रोखायचं? सही कुनाची?"

"घरच्यांनी ठरवायचं," मी म्हणालो.

"घरचे म्हंजी? बहुमतानं?"

"हो. घरातले बहुसंख्य."

तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आरं, बहुमतानं ठरवायचं आसंल तर ह्या पोरीला बारा कलमं कशाला लिवायला लावली? एकच लिव म्हनावं, बहुमत म्हनंल ते. झाली घटना."

मुलगी हसली. मला घाम फुटला होता. डिसेंबरचा महिना होता.

मतदान घेतलं. अपवादाच्या बाजूने मी आणि बायको, विरुद्ध मुलगी आणि तात्या. दोन दोन. मुलीने सांगितलं की समान मतं पडली तर अध्यक्षांना आणखी एक मत असतं. तात्या म्हणाले, "न्हाई देत. हे कलम ऱ्हाऊ दे तसंच. आदी कुनीतरी खरं उदाहरण आना." मुलीने वहीत लिहिलं: कलम सात, प्रलंबित.

त्या आठवड्यात चौथा रिपोर्ट आला. सहा पूर्णांक आठ.

रक्त घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस घरीच यायचा. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की ज्या हातावर शस्त्रक्रिया करायची त्या हाताला सुया टोचू नका, तो हात जपा. कामाचा हात सोडून दुसरा, म्हणजे डावा. मी त्या माणसाला फोनवर सांगून ठेवलं होतं. त्याने येऊन सरळ तात्यांनाच सांगितलं, "आजोबा, उजवा द्या. डावा राखून ठेवायचाय."

"राखून? कशासाठी?"

तो गडबडला. माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, "डाव्या हाताच्या शिरा बारीक आहेत, म्हणून."

तात्यांनी उजवा हात पुढे केला. तो माणूस गेल्यावर म्हणाले, "आमच्या खात्यात आसं व्हायचं. मानसाला कळायच्या आदी त्याच्या जमिनीवर आरक्षण पडलेलं आसायचं. शाळंसाठी, रस्त्यासाठी. बिचारा पेरत आसायचा." एवढंच बोलले. मग दाढी करायला उठले.

संध्याकाळी वही उघडून बसले. मी म्हणालो, "दोन पूर्णांक दोन."

त्यांनी लिहिलं नाही. पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "पाय सुजत्यात," ते म्हणाले. "जेवन जात न्हाई. अंगाला खाज सुटती. सूनबाई नारळपानी देत न्हाई, केळ देत न्हाई, डाळीला दोनदा पानी घालून फेकती. आन आकडा दोनावर. मोजनी आन जमीन जुळंना गड्या."

"प्रयोगशाळेत थोडाफार फरक पडतो, तात्या."

"व्हय?" असं म्हणून त्यांनी आकडा लिहिला. दोन पूर्णांक दोन.

बायको स्वयंपाकघरात रडत होती. "मला नाही जमत आता," ती म्हणाली. "ते ताटावर बसले की मला खोटं बोलायला लागतं. तुमचं महिन्यातून दोनदा असतं, माझं दिवसातून दोनदा." मी भावाला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, "ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू. झाल्यावर काय करणार आहेत?" त्या क्षणी मला ते पटलं होतं, हे मी इथे लपवत नाही.

रविवारी मुलीने माझ्या मोबाईलवर नकाशाचे फोटो काढले, ते स्वतःला पाठवायला गेली आणि तिला रिपोर्ट दिसला. चारही दिसले. ती मला अंगणात घेऊन गेली. आवाज चढवला नाही. तिने तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"पप्पा, कलम सातचा अपवाद तुम्ही कुणासाठी मागत होता?"

"तुला कळायचं नाही. तू घरात नसतेस."

"कारण कोणतं, किती काळ, सही कुणाची? एवढंच सांगा."

"कारण तात्यांची तब्येत. काळ ऑपरेशनपर्यंत."

"आणि सही?"

मी तिच्या हातातला मोबाईल घेऊन खिशात टाकला.

"शनिवारी तुम्ही त्यांना नगरला नेणार आहात ना? त्याच्या आधी सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर पुढच्या रविवारी खरं उदाहरण मी मांडीन. त्यांनीच मागितलंय."

सोमवार ते शुक्रवार मी रोज ठरवलं आणि रोज सांगितलं नाही. काट्यावर गाड्यांची रांग होती, हंगाम भरात होता. आकडा स्थिर व्हायची वाट बघताना माझ्या डोळ्यांसमोर सहा पूर्णांक आठ दिसायचे. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने हटकलं, "साहेब, वजन पडून किती येळ झाला, लिवा की." दोनदा मी तात्यांच्या खोलीपर्यंत गेलो. ते नकाशावर वाकलेले असायचे. पूर्व भागातल्या गावांच्या हद्दी बाकी होत्या. मी उभा राहायचो, ते विचारायचे, "काय रं?" मी म्हणायचो, "काही नाही, चहा घेताय का?"

शनिवारी एसटीने नगरला गेलो. स्टँडवर नव्या नावाची पाटी होती, कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडत होता. तात्यांना सांगितलेलं होतं की हातापायाच्या रक्ताभिसरणाची तपासणी आहे. दवाखान्यात काउंटरवर एक फॉर्म मिळाला. तात्यांना बाकावर बसवून मी उभ्यानेच तो भरला. वय, वजन, साखर कधीपासून. एक प्रश्न होता, रुग्णाचा कामाचा हात कोणता? मी लिहिलं, उजवा.

आत एका खोलीत त्यांना झोपवलं. तंत्रज्ञ मुलीने डाव्या हाताला जेल लावून यंत्र फिरवलं आणि जांभळ्या पेनने मनगटापासून कोपरापर्यंत शिरेची रेघ आखायला लागली. मध्ये मध्ये फुली मारायची, आकडा लिहायची. तात्या मान वळवून बघत होते. काम चाललेलं असताना त्यांनी तिला अडवलं नाही. मोजणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. ती पेन ठेवून उठली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ही हद्द कशाची आखली?"

"तपासणी आहे ना, तात्या."

"तपासनीला खुना पुसनाऱ्या करत्यात. ही पुसंना." त्यांनी अंगठ्याने घासून दाखवलं.

तेवढ्यात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आले. तरुण होते, हसतमुख. "काका, शीर छान आहे. बुधवारी करून टाकू. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे."

"काय करून टाकू?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीतले सगळेच माझ्याकडे पाहत होते. तात्या मात्र डॉक्टरांकडे बघत होते.

मी म्हणालो, "तात्या, आकडा दोन पूर्णांक दोन नाही. सहा पूर्णांक आठ आहे."

पुढचं सगळं मी एका दमात सांगितलं. डायलिसिस, शीर जोडणं, किती दिवसांपासून ठाऊक आहे ते. तात्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी थांबल्यावर ते हळूच उठून बसले, जेल पुसायला कापूस मागितला आणि डॉक्टरांना म्हणाले, "डावाच का?"

"तुमचा कामाचा हात उजवा आहे ना. तो आम्ही वाचवतो. डायलिसिसच्या वेळी सुई लावलेला हात चार तास हलवता येत नाही, आणि त्या हाताला कायमच जपावं लागतं."

"कुनी सांगितलं उजवा?"

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. माझं अक्षर.

तात्यांनी खिशातून पेन्सिल काढली. ती त्यांच्या खिशात कायम असते. बाजूच्या कोऱ्या कागदावर त्यांनी एक रेघ ओढली, पट्टीशिवाय, सरळ. डाव्या हाताने. "जेवतो उजव्यानं," ते म्हणाले, "सही उजव्यानं. आईनं डावा हात पाठीला बांधून शिकवलंय. रेघ ह्यानंच येती. चाळीस वर्सं नकाशे ह्यानंच काढले."

महिनाभर दर रविवारी आणि रोज संध्याकाळी मी त्यांना नकाशा काढताना पाहत होतो. माझ्या डोळ्यांसमोर डावा हात चालत होता. फॉर्म भरताना मला आठवलं ते त्यांचं ताट आणि त्यांची सही. ते दहा पावलांवर बाकावर बसले होते. एक हाक मारून विचारायचं होतं. विचारलं असतं तर "कशाला?" असा प्रश्न आला असता, म्हणून मी विचारलं नाही. घरचे हित ठरवतात ते असं.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून तात्यांसमोर बसले. पहिल्यांदाच कुणी सगळं त्यांना समोर बसून सांगितलं. तात्यांनी विचारलं, नाही केलं तर काय होईल. डॉक्टरांनी तेही आडपडदा न ठेवता सांगितलं. तात्या म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या."

"काका, उशीर करणं बरं नाही."

"मोजनीच्या आदी नोटीस लागती, साहेब. लगतच्या खातेदाराला पंधरा दिवस देत हुतो आमी, आन हितं तर जमीनच माझी हाय. मला आज नोटीस मिळाली. पंधरा दिवसांनी हजर ऱ्हातो."

डॉक्टरांनी दहा म्हटलं. तात्यांनी बारावर सौदा केला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. घोडेगाव मागे पडलं. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही खचाल असं वाटलं आम्हाला." ते म्हणाले, "खचायचं का न्हाई, ते मी बघितलं आसतं."

घरी गेल्यावर त्यांनी वही काढली आणि लाल पेन. वही माझ्यापुढे सरकवली. त्यांच्या खात्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहायचा, आणि ज्याने चूक केली त्याने आद्याक्षरी करायची. मी चार ठिकाणी रेघ मारली. चार पूर्णांक दोन. पाच पूर्णांक एक. पाच पूर्णांक नऊ. सहा पूर्णांक आठ. चार आद्याक्षऱ्या. दारात बायको उभी होती, तिला मी आत ये म्हणालो नाही.

ते बारा दिवस घरात फार वाईट गेले. तात्यांनी खाणं सोडलं नाही, उलट पथ्य आपणहून कडक केलं. भावाचा रोज फोन यायचा, "काय ठरलं?" तात्या फोन घेत नव्हते. आमचं बोलणं भाजी, पाणी, वीज एवढंच. रात्री जेवताना बायको त्यांच्या तोंडाकडे बघायची, मी माझ्या ताटाकडे. नाही म्हणाले तर काय, हे आम्ही एकमेकांनाही विचारलं नाही. नाही म्हणायचा त्यांना हक्क होता. कलमात तो लिहिणं मला मान्य होतं, घरात तो सोसणं जड जात होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी एकट्याने रिक्षाने नेवाशाला जाऊन डायलिसिसवर असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याची भेट घेतली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.

मधल्या रविवारी सभा झाली. मुलीने कलम सात पुन्हा वाचायला घेतलं. मी म्हणालो, "अपवाद मी मागे घेतो."

"मागं घिऊन काय हुतंय?" तात्या म्हणाले. "उद्या दुसरा कुनी मागंल. ह्याच कलमात पुढं लिव." आणि त्यांनी सांगितलं तसं मुलीने लिहिलं: "कोणत्याही व्यक्तीच्या शरीराविषयी, घराविषयी वा जमिनीविषयी काही ठरवण्यापूर्वी त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत नोटीस दिली पाहिजे आणि विचारासाठी मुदत दिली पाहिजे. ती व्यक्ती समोर असताना तिच्याविषयी दुसऱ्याला विचारू नये." मुलगी म्हणाली शेवटचं वाक्य कायद्याच्या भाषेत बसत नाही. ते म्हणाले, "नसू दे बसत."

मतदान झालं. चार विरुद्ध शून्य. माझं मत मी हात वर करून दिलं, आणि तात्यांनी तो वर केलेला हात पाहिला, एवढं मला आठवतं.

बाराव्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते म्हणाले, "चल." एसटीतही निर्णय सांगितला नाही. दवाखान्यात काउंटरवर फॉर्म त्यांनी स्वतः मागून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. एका शब्दाचा अर्थ तिथल्या मुलीला विचारला. कामाचा हात या प्रश्नापुढे त्यांनी "डावा" लिहिलं, खाली रेघ मारली. संमतीच्या जागी सही केली. मग उजवी बाही दुमडली आणि हात पुढे केला.

आता आठवड्यातून दोनदा आम्ही नगरला जातो. सुई उजव्या हातात असते, तो चार तास हलवायचा नसतो. सुरुवातीला मी त्यांना घास भरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हाताने चमचा धरून त्यांनी पोहे खाल्ले. सगळ्या वॉर्डासमोर, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आईने ज्याची जेवायची सवय मोडून काढली होती त्या हाताने. थोडे पांढऱ्या चादरीवर सांडले. "बघतोस काय," ते म्हणाले, "सवय न्हाई."

मुलीला त्या कामाचे गुण बरे मिळाले. सातव्या कलमाच्या शेवटच्या वाक्याखाली तिच्या शिक्षकांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. नकाशा पूर्ण झाला आहे, तो तात्यांच्या खोलीत लावला आहे. त्यात त्यांनी नंतर एक दवाखानाही काढला, नदीच्या काठाला.

रिपोर्ट आता त्यांच्याच मोबाईलवर येतो. नेवाशाला जाऊन त्यांनी नवा फोन घेतला, मोठ्या अक्षरांचा. आकडा ते स्वतः वाचतात, स्वतः वहीत लिहितात. पूर्वी मला "हां, सांग" म्हणायचे, ते आता म्हणत नाहीत. मी विचारलं तर सांगतात, आणि मी तो खरा धरतो.